मशीनमधला ट्रक

मंडळी, वर्कशॉपातले सगळे आलात, भिंगार बाजारातले आलात, वहिनी समोर बसल्यात. परवा वसंतरावांना पोचवून आलो आणि आज मला बोलायला उभं केलंय. ते असते तर म्हणाले असते, "मुद्दा सांग आणि बस खाली." तेव्हा मुद्दाच सांगतो.

आम्ही दोघं ट्रकच्या चाचण्यांचे प्रोग्रॅम लिहायचो. कॉम्प्युटर पुण्यात. आकड्यांची भोकं पाडलेली आमची पंचकार्डं एसटीनं जायची, उत्तराचा कागद येईल तेव्हा येईल. एकदा उत्तर आलं, की ब्रेक दाबला तरी हा ट्रक थांबतच नाही. ब्रेकचे आकडे वर्कशॉपातल्या ट्रकवर मोजून दिलेले, आणि त्याचे ब्रेक बसवले होते किसननं. तो मागं बसलाय तोच, पाथर्डीचा. साहेब म्हणाले, याला काढा. काढला असता तर बायकोपोरांसकट पुन्हा ऊसतोडीला गेला असता. तो आपला एकच सांगत होता, "सायेब, म्या ब्रेक नीट बसीवल्यात."

आम्ही सूत्रं तपासली. बरोबर. पुन्हा तपासली. बरोबर. मग वसंतराव म्हणाले, "सूत्रं राहू दे. मशीनमध्ये जो ट्रक आहे तो कसा आहे, ते छापून मागवू. वजन किती, माल किती, वेग किती, सगळं."

मी म्हणालो, अहो, ते आकडे आपणच दिलेत, ते काय छापायचे?

म्हणाले, "आपण काय दिलं ते आपल्याला माहीत आहे. त्याच्यापाशी काय आहे, ते बघितलंय कुणी?"

कागद आला. वजन बरोबर. वेग बरोबर. माल दसपट. कार्डावर आकडा एक घर डावीकडे पडला होता, आणि उरलेल्या रिकाम्या घराला मशीननं शून्य धरलं होतं. ते कार्ड कुणी पंच केलं होतं? खुद्द वसंतरावांनी. तसेच उठले, साहेबांकडे गेले. "चूक माझी. किसनची नाही." त्यांची बढती हुकली.

सकाळपासून ऐकतोय, वसंतराव देवमाणूस होते. देवमाणूस कसले. तापट होते. चहात साखर कमी पडली तर कप परत पाठवायचे. कौतुक करायला जीभ रेटायची नाही. होते ते असे होते, आणि मला ते फार आवडायचे.

ऑफिसात माझ्या शेजारची खुर्ची आता रिकामी आहे. रिकाम्या जागेला मशीन शून्य धरतं. मला ते जमत नाही.

किसन, पुढं ये. त्यांच्या फोटोला पहिलं फूल तू वाहा. तोवर आपण सगळे उभे राहू, काही न बोलता.