सुमनबाईंची मानाची खुर्ची

जमलेल्या बाया-माणसांनो, उन्हातान्हाचे आलात. तुमचे आभार मानायला हवेत, पण तोंडून निघत नाहीत. बोलताना रडू फुटेल असं वाटत होतं. आता राग इतका आलाय, की रडूही येत नाही.

सुमनबाई माझ्या थोरल्या जाऊ. परवा गेल्या. त्यांचे यजमान, माझे भासरे वसंतराव, एकाहत्तरच्या लढाईत बॉम्ब टाकणाऱ्या विमानात होते. विमान चालवणारे साहेब वेगळे. हे पुढे, विमानाच्या नाकाशी पालथे पडून नकाशा बघायचे, बॉम्ब कुठे टाकायचा ते सांगायचे. साहेबांची खुर्ची वेळ आली तर त्यांना बाहेर फेकायची. यांना तशी खुर्ची नव्हती. यांना सरपटत दारापर्यंत जावं लागायचं.

विमान पेटलं. साहेब म्हणाले, तू निघ, मी विमान धरून ठेवतो. हे म्हणाले, दार उघडत नाही साहेब, तुम्ही उडी घ्या. दोघांनी कशाला मरायचं?

लढाईनंतर साहेब घरी आले, तेव्हा मी नवी सून होते. त्यांनी मान खाली घालून हे सगळं सांगितलं. सुमनबाई म्हणाल्या, "बरं केलं भाऊ, त्यायचं आयकलं. मी तं घरात कधी आयकत नव्हती." आणि त्यांना जेवायला वाढलं.

अशी बाई! आणि तुम्ही काय केलंत? दर सव्वीस जानेवारीला शाल, नारळ, पहिल्या रांगेत मानाची खुर्ची. याच सभागृहात लग्न असलं की, "सुमन, तू आतच बस वं, हळद लागून राह्यली." झेंड्याजवळ चालते, नवरीजवळ चालत नाही? मी उपास करते, पोथी वाचते. कोणत्या देवानं सांगितलं हे? किळस येते मला. तुमच्या शालींची, या हारांच्या ढिगाची.

आजही तेच. ही कविता, आमची शेजारीण. नवरा राजूरच्या कोळसा खाणीतल्या अपघातात गेला. सुमनबाई अंथरुणाला खिळल्यावर त्यांना न्हाऊ घालणारी, भरवणारी हीच. मघाशी समई लावायला उठली, तर तुमच्यातलेच म्हणाले, "थांब न वं, सवाष्णीच्या हातानं लावू." विधवेच्या शोकसभेत सवाष्ण शोधता? आणि माझ्या कपाळावर कुंकू आहे म्हणून काडेपेटी माझ्या हातात कोंबली.

नाही लावली मी. लावणारही नाही.

कविता, मागे कायले बसली? ये इकडं. घे.

ज्यांना हे चालत नाही, त्यांनी आत्ता उठून जावं. बाकीच्यांनी वात पेटली की उभं राहावं. वसंतरावांसाठी, सुमनबाईंसाठी. आणि गप्प राहावं.