लोखंडी टोप

— नाही नाही, माराची खूण नाही ती बाई, पट्ट्याची आहे. हनुवटीखालचा पट्टा. तुमच्या नवऱ्याला इथं कुणी बोट लावलं नाही. लावायची गरजच काय? बसा, त्या स्टुलावर बसा. सुकलालचं तोंड पुसताना खूण दिसली, म्हणून गोडादऱ्याहून थेट इच्छापोरला कारखान्यावर आलात — बरोबर आहे, विचारावं माणसानं. हा कागद धरा हातात, अंगठा शेवटी घेऊ. आधी ऐका. तो भिंतीवर आहे ना, पालथ्या परातीसारखा, त्या टोपाचा पट्टा. माझ्या वडलांचा टोप. आफ्रिकेत लढले ते, इंग्रजांच्या फौजेत.

ह्या सगळ्या टोप्या माझ्याच. शेठ म्हणतात, गिरासे, सिक्युरिटीची केबिन आहे की अजबखाना? म्हणू द्या. ही पांढरी सोला टोपी — उचला, उचलून बघा, वजन आहे का काही? आत भेंड आहे, दलदलीतल्या झाडाचा गाभा. लग्नात बाशिंग ज्याचं करतात ना, तेच. गोरा साहेब ती पाण्यात भिजवून घालायचा, डोकं गार. उन्हासाठी केलेली वस्तू. आणि लोखंडी? लोखंडी उन्हासाठी नाहीच मुळी! पहिल्या महायुद्धात शिपाई कापडी टोप्या घालून खंदकात उभे, वर तोफगोळे फुटायचे, तुकडे पडायचे, कवटी नारळासारखी दुभंगायची. मग एक फ्रेंच जखमी इस्पितळात बोलला म्हणे — मी टोपीखाली जेवणाचं भांडं घातलं होतं, म्हणून वाचलो. झालं, तिथून निघाले लोखंडी टोप. खरंखोटं देव जाणे. आणि गंमत ऐका — टोप आले तशी इस्पितळात डोकी फुटलेली माणसं वाढली. का? अहो, आधी ती थेट मसणात जायची! … हं. तुम्हाला नाही हसू येणार. बरोबर आहे. पण समोरून आलेली गोळी त्यानं अडत नाही हां, वरून पडतं ते अडतं. आता इच्छापोरच्या फाटकावर वरून काय पडतं? काही नाही. ऊन पडतं.

तर सुकलाल. वाईट नव्हता माणूस. प्लेगच्या वर्षी अर्धं सुरत रातोरात पळालं, हा गडी कारखाना सोडून हलला नाही — म्हणून तर लूमवरून काढून मी त्याला वॉचमन केला, मीच. पण ड्रेसची टोपी घालायचा नाही. डोकं उकडतं म्हणे. रुमाल बांधायचा, भाजीवाल्यासारखा. सोमवारी शेठची गाडी आली आणि हा रुमालावर सलूट मारतो! मी म्हटलं, टोपी हलकी वाटत नाही ना तुला, जड देतो. काढला टोप. तर हसायला लागला. दहा-बारा कामगार उभे होते, त्यांच्यासमोर विचारतो — साहेब, हा घालून लढले होते का तुम्ही, का कांबळी मोजली? … कुणी सांगितलं त्याला? फौजेतली सतरा वर्षं आहेत माझी. स्टोअरमध्ये असली म्हणून काय झालं? कांबळी कुणाला तरी मोजावीच लागतात. बारा माणसं हसली, बाई. तुम्ही नव्हता तिथं.

अकरा वाजता घातला. पट्टा मीच आवळला — ढिला राहिला तर टोप पडतो. आतलं कातडं कुजून गेलंय कधीच, लोखंड सरळ डोक्यावर बसतं. ही मे महिन्याची गरमी, खाली सिमेंट. दोन तासांचीच शिक्षा ठरवली होती मी. एक वाजता गेलो, म्हटलं माफी माग. नुसता बघत राहिला माझ्याकडं. मग मी तीन केले. पाणी? मागितलं ना, दोनदा मागितलं. ड्यूटीवर पाणी नसतं. दीडच्या सुमाराला तुमचं नाव घेऊन बडबडायला लागला, आपल्या अहिराणीत — अनसे, माले पानी दे वं, अनसे. मी ह्याच खिडकीत होतो, स्वच्छ ऐकू येत होतं. मला वाटलं नाटक करतोय. … नाही, नाटक नव्हतं वाटलं. घाम थांबला होता त्याचा. फौजेत शिकवतात, घाम थांबला की माणूस सावलीत घ्यायचा. पण तीन म्हटले होते मी. सगळ्यांदेखत म्हटले होते. पाच मिनिटं कमी असताना पडला. धावलो ना, धावलो. आधी टोप सोडवला, त्याला पोचा पडू नये म्हणून, मग माणूस —

जाऊ द्या. होणारं होतं, गेला. आता तो कागद. काही नाही, एवढंच लिहिलंय की सुकलालला फिटा यायच्या आणि त्या दिवशी तो घरूनच आजारी आला होता. खाली माझी सही आहे, तुमचा अंगठा झाला की विषय मिटला. आणा डावा हात. … आणा की. काय बघताय त्याच्यात एवढं? बाई, कागद सुलटा आहे की उलटा एवढं तरी — वाचताय? तुम्हाला वाचता येतं? कितवी? सातवी? … सुकलाल कधी बोलला नाही. मग केव्हापासून वाचताय, मी बोलत होतो तेव्हापासून?

बरं, वाचलं ना, द्या इकडं. घडी कशाला घालताय? दुसरा लिहू आपण, तुम्ही म्हणाल तसा लिहू. पोलक्यात काय घालतेस — ए बाई! माझी सही आहे त्याच्यावर! बस खाली. बस म्हणतो ना! तुझ्या घरात दुसरं कमावणारं कोण आहे, विचार कर, उद्या तुला इथं झाडायला लावू शकतो मी — कुठं निघालीस? अनुसया! थांब! फाटक लाव रे! अरे फाटकावर कोण आहे, लाव फाट—

कुणाला सांगतोय मी. नवा माणूस उद्या यायचाय.