आडवा पाय

इंग्लंडात, लँकशरमधल्या आमच्या गावच्या इस्पितळात मी गुडघेवाल्यांच्या बाकावर बसलो होतो. नर्स माझ्या उजवीकडच्या म्हाताऱ्याला म्हणाली, "मिस्टर क्लेग, अजून थोडं थांबा," आणि डावीकडचा म्हातारा त्याच्याकडे वळला.

"क्लेग? फुटबॉलच्या मधल्या फळीतला खाटीक क्लेग?"

"म्हणायचे खरं तसं. आपण?"

"टॅटरसॉल. उजव्या कडेनं पळायचो. हा गुडघा म्हणजे तुझीच कृपा."

"अरे देवा! तेव्हा मी कुठल्या क्लबात होतो?"

"मला काय ठाऊक! दर हंगामाला तुझा शर्ट नवा, लाथ मात्र तीच."

"चेंडू हिसकावायचा आणि चांगल्या खेळाडूला द्यायचा, एवढंच काम होतं रे माझं. जरा पायाशी ठेवला की मॅनेजर बोंबलायचा."

"हल्ली काय करतोस?"

"बायको गेल्यापासून टीव्ही बघतो."

"मग गुरुवारी ये. आम्ही म्हातारे चालत फुटबॉल खेळतो. पळायचं नाही, धक्का नाही, आडवा पाय तर नाहीच नाही."

"मग मी तिथं येऊन करू काय?"

"चेंडू पायाशी ठेव, हवा तितका वेळ. हिसकावणारा एकटा तूच होतास."