रवळनाथ चाळीवरचे ठिपके

(कांजूरमार्गच्या ट्रान्झिट कॅम्पमधली एक खोली. घाटकोपरच्या चाळीची नवी बिल्डिंग होईपर्यंत राहायला दिलेली. संध्याकाळ. सीतारामच्या मांडीवर मुलीचा, गंधालीचा, लॅपटॉप; ती महापालिकेच्या आरोग्य खात्यात आहे. खाटेवर त्याची बायको जानकी तापाने पडलेली.)

सीताराम: अगो, ही तर आपलीच चाळ! जानकी, बघ गो, रवळनाथ चाळ! पाडली तरी हय जशीच्या तशी आसा.

गंधाली: जुना फोटो आहे बाबा, वरून काढलेला. नवा अजून आलेला नाही.

सीताराम: असू दे जुना. ही निळी ताडपत्री अण्णाच्या खोलीवरची, मीच बांधून दिलेली. हा इकडे नळ. काय झकास दिसतंय! ऑफिसात रोज हेच बघत बसतेस काय तू?

गंधाली: त्यावर लाल ठिपके दिसतायत ना?

सीताराम: कुंकू सांडल्यासारखे? हां.

गंधाली: ते डेंग्यूचे पेशंट. दवाखान्यात केसपेपर काढताना माणूस जो पत्ता सांगतो, त्यावर कॉम्प्युटर ठिपका टाकतो. जिथे ठिपके दाट, तिथे आमची माणसं जातात. पिंपं तपासतात, धूर मारतात.

सीताराम: पण चाळीच्या जागी आता माणूसच नाय. नुसता खड्डा आणि भोवती पत्रे.

गंधाली: मला वाटलं, त्या खड्ड्यातच पाणी साचलंय आणि आजूबाजूच्यांना बाधतंय. दोनदा माणसं पाठवली. दोन्ही वेळा येऊन म्हणाले, मॅडम, तिथे एक वॉचमन आणि त्याचा कुत्रा. डासाची एक अळी नाही सापडली.

सीताराम: मग तुमचं मशीन चुकलं.

गंधाली: आज दुपारपर्यंत मीही तेच म्हणत होते. दुपारी एक नवा ठिपका पडला. बाई, वय एकसष्ट, दवाखाना कांजूरमार्गचा, पत्ता रवळनाथ चाळ, घाटकोपर. आमच्याकडे नावं येत नाहीत, नुसतं वय आणि बाई की पुरुष. पण ही बाई कोण, ते मला नाव न वाचता कळलं.

सीताराम: रिपोर्ट संध्याकाळी देतो म्हणाले होते.

गंधाली: मला दुपारीच मिळाला. माझ्या आईला डेंग्यू झालाय हे मला नकाशानं सांगितलं, बाबा!

जानकी: डेंग्यूच काय गो?

गंधाली: हो, पण घाबरू नकोस. दवाखान्यात फोन करून विचारलं मी, प्लेटलेट्स ठीक आहेत. उद्या परत रक्त तपासू. ते पाणी संपव बघू आधी. बाबा, सकाळी केसपेपर कोणी काढला?

सीताराम: मी.

गंधाली: आणि पत्ता?

सीताराम: जुना दिला. सगळेच जुना देतात.

गंधाली: पण का?

सीताराम: का म्हणजे? इथला पत्ता एकदा कागदावर चढला की उद्या म्हणतील, तुम्ही इथलेच, नव्या बिल्डिंगीत तुमचं काय काम? बाजूच्या चाळीतल्या चंद्रप्रकाशचं नाव नव्या घरांच्या यादीतनं गेलं ना!

गंधाली: पत्त्यामुळे गेलं?

सीताराम: कशामुळे ते कुणालाच ठाऊक नाय. पण लोक घाबरले. मी सेक्रेटरी. मीटिंग घेऊन सांगितलं, बँकेत जा नायतर दवाखान्यात, पत्ता जुनाच सांगायचा.

गंधाली: केसपेपरचा आणि घराच्या हक्काचा काय संबंध हो?

सीताराम: आता तू विचारतेस तर वाटतं, काय नाय. तेव्हा कुणी विचारलं नाय. मलाही नाय सुचलं.

गंधाली: शेजारचे अण्णा डेंग्यूनं गेले ना, त्या दिवशी ऑफिसात मी पहिल्यांदा कांजूरमार्ग उघडलं. कोरं! इथे एकसुद्धा ठिपका नव्हता. मी म्हटलं, गावाहून ताप घेऊन आले असतील. आणि बोरिवलीला घरी जाऊन जेवून झोपले. तुम्हाला एक फोन करायचा होता, आणखी कुणाला ताप आहे का म्हणून. एवढंच. तो केला नाही मी.

सीताराम: तुझं राहू दे. रिक्षात बसवताना तो मला विचारतो, ‘सीताराम, पत्ता काय सांगू रे?’ अंगाची लाही झालेली, डोळे उघडत नव्हते, तरी विचारतोय. मी म्हटलं, चाळीचा सांग. तर हसला गो. म्हणतो, ‘म्हणजे अजून आपण तिथलेच.’

जानकी: पाणी तासभर येतं. पिंपं भरून ठेवायची नाहीत तर करायचं काय? अण्णाच्या दारातलं पिंप अजून तसंच भरलेलं आहे. कुणाला ओतवत नाही.

गंधाली: ते आधी ओता, बाबा. आणि आजच्या आज घरोघर जा. ताप आला की इथला पत्ता सांगायचा. माझं कुणी ऐकणार नाही, तुमचं ऐकतील. उद्या माणसं कुठे पाठवायची ते नकाशावरून आजच ठरतंय. आईचा ठिपका मी आत्ता इथे आणते.

सीताराम: आण, आण. पण लोक विचारतील, घर गेलं तर?

गंधाली: मग काय सांगाल?

सीताराम: काय सांगणार? जानकीकडे बोट दाखवेन.

गंधाली: अण्णांचाही आणावा लागेल.

सीताराम: त्याचा कशाला? तो गेला. रवांदे तेका थंयच. तेवढा एक तरी चाळीत परत गेला म्हणू.

गंधाली: नाही बाबा. जिथे माणूस दगावला, तिथे पथक उद्या सकाळीच येतं. नाहीतर आपला नंबर कधी लागेल सांगता येत नाही. आईसारखे आणखी किती पडलेत कॅम्पात?

जानकी: माझ्या ओळीत तिघं. पलीकडे ऋतिकाचा छोटा.

सीताराम: अण्णाचा ठिपका कुठला?

गंधाली: थांबा. हा बघा. पुरुष, चौऱ्याहत्तर.

सीताराम: नळापाशी पडलाय.

गंधाली: कॉम्प्युटर चाळीत कुठेही टाकतो हो. खोली त्याला कळत नाही.

सीताराम: कळत नाय कसं? सकाळी नळापाशीच असायचा तो. चाळ रिकामी केली तेव्हा सगळ्यांत शेवटी निघाला. खोलीला कुलूप लावीना. दोन वर्षांत परत आणतो म्हणून मीच हात धरून बाहेर काढला त्याला.

जानकी: अहो, पुरे आता.

गंधाली: बाबा, मी घरी जाऊन करते हे.

सीताराम: नको. माझ्यासमोर सरकव. दुसऱ्यांदा काढतोय मी त्याला त्या चाळीतनं.