गवताच्या मशीनवरची दुसरी सीट

—ते सगळं ऐकतो रोमन, पण आधी त्या उन्हातून हल. सूर्य तुझ्या पाठीशी, माझ्या डोळ्यांत, आणि तुझं तोंड सगळं काळं दिसतंय. इकडे ये, मशीनच्या या बाजूला, घोडे काही करत नाहीत. हं, अस्सा. समोर उभा राहा. आता बोल. हो, रविवारी सभा आहे, ठाऊक आहे मला. त्यानंतर पंधरा दिवसांनी प्रभुभोजन, आणि सगळ्यांचं एकमत असल्याशिवाय ते होत नाही, तेही ठाऊक आहे. आणि तू डीकन म्हणून घरोघर फिरून विचारतोयस, सगळं शांत आहे ना, कुणाचं काही अडलेलं नाही ना – आणि अख्ख्या मंडळीत अडून बसलेला एकच माणूस आहे, तो म्हणजे हा अ‍ॅटली रेबर. बरोबर? एप्रिलमध्ये मी नाही म्हणालो तेव्हा बिशपनं विषय पुढं ढकलला, म्हणाला बघू सप्टेंबरात. आता सप्टेंबर आला, लसूणघासाची तिसरी कापणी आली, तू आलास. आणि मी अजूनही नाहीच म्हणतोय.

का म्हणजे? इतक्या वेळा सांगितलं तरी का? बरं, पुन्हा सांगतो. तुम्हाला हवंय की मंडळीनं नियम बदलावा – मशीन घोड्यांनीच ओढायचं, पण पातं मात्र वर बसवलेल्या इंजिनानं चालवायचं. ओढ्यापलीकडच्या मंडळीत चालतं म्हणे, चालू दे. तिकडे गवत लवकर कापून होतं आणि मग माणसं काय करतात? दुसऱ्याचं गवत कापायला जातात! ते असो. आता हे माझं मशीन बघ. चाक फिरतं म्हणून पातं चालतं. घोडा थांबला की पातं थांबलं. गवत दाट लागलं की घोड्याच्या खांद्याला कळतं, त्याला दम लागतो, मग आपणही दम घेतो. आणि सगळ्यात मोठी गोष्ट – आवाज. मशीन बोलतं रे! पात्याची धार गेली की वेगळं बोलतं, दांडा सैल झाला की वेगळं, पुढच्या लोखंडी बोटांत दगड अडकला की वेगळं. वर फटफटणारं इंजिन ठेवलंस तर काय ऐकणार तू? कपाळ? चाळीस वर्षं लोक माझ्याकडे मशीन आणतात ते का? अ‍ॅटली नुसतं ऐकून सांगतो म्हणून. मागच्याच आठवड्यात आमचा जावई व्हर्नन रस्त्यावरून मशीन घेऊन आला, अजून फाटकात शिरला नव्हता, आणि मी इथून ओरडलो, उजवीकडून तिसरं बोट वाकलंय! उतरून बघतो तर तिसरंच. त्याचा चेहरा बघायला हवा होतास.

नाही नाही, नव्याला माझा विरोध आहे असं म्हणू नकोस, ते मला लागतं. या पंचक्रोशीतल्या मशीनमध्ये जे जे नवं आहे ते कुणी केलं? आधी दातेरी चाकं उघडी असायची, धूळ खात, वर्षाआड झिजायची. त्यांना तेलाच्या डब्यात कुणी बंद केलं? मी. बिशपनं झाकण उघडून बोट बुडवलं, बोटाचा वास घेतला आणि म्हणाला, तेलात काही वावगं दिसत नाही. मग ती स्प्रिंगची तरफ – पात्याची पट्टी उचलायला आधी दोन हात आणि सगळी कंबर लागायची, आता एका पायानं दाबली की वर. तिच्यावर तर दोन सभा झाल्या! म्हातारा जोनस म्हणाला, इतकं सोपं झालं तर माणूस आळशी होईल. मी म्हणालो, जोनस, तुझ्या कमरेला विचार. त्यानं विचारलं असावं, कारण पुढच्या महिन्यात गुपचूप एक तरफ घेऊन गेला. चाकाला रबर तेवढं मी कधी लावलं नाही. रबर दिसलं की आपल्या पोरांना शहराकडे पळत सुटावंसं वाटतं.

काय? हात काढ तोंडावरून, हात काढ. हसतोयस होय! अच्छा, दुसरी सीट. वाटलंच मला की गाडी तिकडे वळणार. शेजारच्या पेरी कोब्लेंट्झनं सांगितलं असणार, दुसरं कोण. बघ, अजून कुंपणाशी उभा आहे, खुरपं हातात धरून, तण काढण्याचं सोंग. इतक्या लांबून त्याला काय ऐकू जाणार म्हणा. तर दुसऱ्या सीटचं असं आहे की तो शुद्ध वजनाचा प्रश्न आहे. पात्याची पट्टी कुठं? उजवीकडे. मग मशीन कुठं खेचलं जातं? उजवीकडे. दांडी जाऊन बसते कुणाच्या बरगडीवर? बिचाऱ्या क्वीन घोडीच्या. तेव्हा डाव्या चाकावर थोडं वजन टाकलं की सगळं सरळ. म्हणून डावीकडे सीट, आणि सीटवर आमची ही, सालोमा. दगडांचं पोतं ठेवलं तरी चाललं असतं? पेरीही हेच म्हणाला. मी त्याला म्हणालो, दगडांचं पोतं खाली उतरून फाटक उघडतं का? पोत्याला म्हटलं पुदिन्याचा गार चहा आण, तर पोतं आणतं का? आत्ता तीच आणायला गेलीय. आणि तिच्यासमोर पोत्याची गोष्ट काढू नकोस, सीट बनवताना स्प्रिंग केवढी घ्यावी म्हणून मी तिचं वजन विचारलं होतं, तर दोन दिवस माझ्याशी अवाक्षर बोलली नाही.

लोक काय म्हणतात ते मला माहीत आहे. सत्तरीला आलेली माणसं आणि मशीनवर शेजारी शेजारी बसून हिंडतात, लग्नाआधी बग्गीतून हिंडत होती तशी. म्हणू देत. तिघांनी येऊन विचारलंसुद्धा, आमच्याही मशीनला तशी सीट बसवून दे. नाही दिली मी. म्हणालो, तुमच्या मशीनला गरज नाही. आता तू म्हणशील की पट्टी तर त्यांच्याही मशीनला उजवीकडेच आहे – हो, आहे. वजनाचा प्रश्न त्यांनाही आहे. म्हणजे आहे, पण तसा नाही... हे बघ, कसं असतं, प्रत्येक मशीनचं वेगळं असतं. आता व्हर्ननचंच घे. मी इथं बसलेला, तो रस्त्यावर, सालोमानं माझ्या गुडघ्यावर तीन टिचक्या मारल्या आणि—

कसल्या टिचक्या? मी टिचक्या म्हणालो? माशी असेल. माशी मारली असेल तिनं. असा बघू नकोस रोमन. आपण दोघं एका बाकावर बसलोय शाळेत, तुझी गणितं मी केलीत, असा डीकनसारखा बघू नकोस माझ्याकडे.

बरं. जवळ ये. अगदी हळू सांगतो, ती यायच्या आत. अरे मागे काय सरकतोस? जवळ ये म्हणतोय! आणि या घोड्यांना काय झालं, कान कशाला फिरवतायत? हो रे बार्नी, हो. तर ऐक. मला ऐकू येत नाही. कमी नव्हे, येतच नाही. दोन हिवाळे झाले. पहिल्यांदा रातकिडे गेले, मला वाटलं थंडी लवकर पडली यंदा. मग पाखरं गेली. मग एक दिवस इथंच, या बांधावर, मी कापत होतो आणि सालोमा शेतातून धावत आली, हातवारे करत, अ‍ॅप्रन हलवत – दांडा मोडून पडला होता, अर्धी पट्टी नांगरासारखी जमीन उकरत होती आणि मी आपला खुशीत वर बसलेला! त्याच आठवड्यात मी ती सीट बनवली. ती बसते, ती ऐकते आणि माझ्या गुडघ्यावर सांगते. एक टिचकी म्हणजे धार गेली. दोन म्हणजे थांब. तीन म्हणजे बोट, आणि मग कितवं ते चिमट्यानं. व्हर्ननचं तिसरं बोट तिनं ऐकलं, मी नुसता ओरडलो. आणि खरं सांगू? माझे कान धडधाकट होते तेव्हाही मला इतकं कधी कळलं नव्हतं. ती बेअरिंग कोरडं पडायच्या आधी सांगते! चाळीस वर्षं मी मिरवलो, आणि ती चूल सांभाळत बसली होती, आणि कान तिचे होते.

तुझं बोलणं कसं कळतं? ओठ बघून. आपण दाढी ठेवतो, मिशा ठेवत नाही, ही देवाची कृपा. गावातले ते दुकानदार, मिशांची झुडपं घेऊन बोलतात, त्यांच्याकडे मी नुसता मान हलवतो, म्हणून तर मागे तेरा डबे रंग घरी आला. कानात घालायचं यंत्र? माहीत आहे की मिळतं, मंडळीची त्याला ना नाही, तेही माहीत आहे. पण मी कानात मशीन घालून भर सभेत मशीनविरुद्ध बोलू?

हो. हो, आता तू ते म्हणणारच, म्हण. एप्रिलमध्ये मी उभा राहून म्हणालो, शेत ऐकावं लागतं, इंजिन आलं की ऐकणं गेलं. आणि मला तेव्हा ठार ऐकू येत नव्हतं. खोटं बोललो का? शब्द खरे होते रे, तोंड चुकीचं होतं. आणि त्यामुळे तीस घरं इंजिनावाचून राहिली, व्हर्नन दोन माणसांचं काम एकटा ओढतो, आणि येत्या रविवारी मी पुन्हा उभा राहून नाही म्हणालो तर प्रभुभोजनच पुढं जाईल. कळतं मला. रात्री झोप लागत नाही, आणि सालोमा म्हणते की झोपेत घोरतो त्यापेक्षा मोठा उसासा मी जागेपणी टाकतो.

मग हो का म्हणत नाहीस? हेच विचारतोयस ना? तुझे ओठ न बघताही कळलं असतं. अरे, समज मी हो म्हणालो. समज इंजिन आलं. ते वर फटफटायला लागलं की तिला तरी काय ऐकू येणार? काहीच नाही. मग ती कशाला येईल शेतात? फाटक उघडायला? फाटकाला मी बसल्या जागी उघडेल असा आकडा लावू शकतो, अर्ध्या दिवसाचं काम. ती म्हणेल, आता माझी काय गरज, आणि घरात जाईल, आणि मी इथं एकटा बसेन, काही न ऐकता, शेजारी रिकामी सीट घेऊन. चव्वेचाळीस वर्षं लग्नाला झाली, रोमन. त्यातली बेचाळीस ती घरात आणि मी शेतात. जेवायला भेटायचो, प्रार्थनेला भेटायचो. दिवसभर शेजारी बसायला मिळालं ते ही दोन वर्षं. कान गेले म्हणून मिळालं! ती बाजूला बसते, टोपीच्या नाड्या वाऱ्यावर उडतात, माझ्या दाढीत अडकतात, ती सोडवते. बोलणं काही नाही. मला तेवढंच पाहिजे. म्हणून माझं नाही आहे. घोडे नाही, देव नाही, वाडवडील नाहीत, काही नाही – मला ती बाजूला पाहिजे. हे काय सभेत उभं राहून सांगणार आहे मी, या वयात? तिला कधी सांगितलं नाही, तुम्हाला कुठून सांगू.

आली. ती बघ, आली चहा घेऊन. हे तुझ्या माझ्यात राहू दे, समजलं? ये गं सालोमा, रोमन आलाय, आम्ही आपलं वजनाचं बोलत होतो, डाव्या चाकाचं. काय झालं? कशाला रडतेस? हसतेयस? एक काहीतरी कर! रोमन, तू तिच्याशी काय बोलतोयस, मला पाठ दिसतेय तुझी, सांगितलंस तिला? नाही? मग हिला काय झालं? सालोमा, माझ्याकडे बघून बोल. हळूहळू. काय... ओरडत होतो? कोण, मी? मी तर अगदी कुजबुजत... घरापर्यंत? स्वयंपाकघराची खिडकी बंद असताना? आणि पेरी तिकडं टोपी काढून का उभा आहे? त्यालाही? सगळं?

अरे देवा.

सगळं म्हणजे टोपीच्या नाड्यांचंसुद्धा?

थांब, चहा नको मला. चहा रोमनला दे. नाही, रोमनलाही देऊ नकोस, त्याला अजून नऊ घरी जायचंय. जा रोमन. रविवारी मी काय म्हणणार ते मला काय विचारतोस, हिला विचार, हिचंही मत आहे ना मंडळीत. काय गं? तू हो म्हणणार आहेस? इंजिनाला? मग मी इतके दिवस... काय? थोडं सावकाश, ओठ नीट हलव. इंजिन येऊ दे किंवा न येऊ दे, तू...

दिसलं. दिसलं गं मला, चांगलं दिसलं. तू जा की रे रोमन, अजून उभा काय राहिलास! सालोमा, परत म्हण.