दोन ‘पा’ आणि एक पिकअप

गाडी उभी. गिअर पीवर. म्हणजे पार्किंगवर, म्हणजे जागच्या जागी गप्प! आणि मी नुसती किल्ली फिरवली तर मागून रिव्हर्सचं ‘टिंव टिंव टिंव’ सुरू... तुम्हाला सांगते, मी अशी दचकले की डोकं टपाला आणि चष्मा मांडीत! अहो, उभी गाडी ‘मी मागं येतेय, सरका’ म्हणून कुणाला सांगतेय? लगेच हंबीरमामांना फोन लावला. मेस्त्री आमचे. तर म्हणतात काय, ‘किरकोळ हाय की ताई! आज माझा कार्यक्रम हाय, उद्या बगू!’

किरकोळ!

आमच्या घरात क्लच कुणाला झेपत नाही. मला तर लायसनच्या टेस्टला क्लच दाबतानाच रडू आलं होतं. म्हणून भाऊजींनी ही ऑटोमॅटिक पिकअप घेतली, जुनी. तिचा गिअरबॉक्स गेला. मामांनी भंगारातल्या तसल्याच गाडीचा काढून हिला बसवला. वायरींची तोंडं जुळेनात, मग काय केलं? तोडल्या, पिळल्या, टेप गुंडाळली. मी भीत भीत विचारलं, ‘मामा, ड्रॉइंग बघून जोडताय ना?’ तर हसले! ‘ड्रॉइंग शाळंत असतंय, ताई. मी खुणा केल्यात.’

खुणा! ऐका आता, या खुणांनीच घात केला.

आणि दिवस कुठला? आक्काच्या केटरिंगची पहिली मोठी ऑर्डर! मंगळवार पेठेत बारसं, दोनशे पानं, बाराला पंगत. मसालेभात, आमटी, गव्हाची खीर, सगळं मागं भरलेलं. आणि बाळाची आजी चिमणाबाई, त्यांनी आक्काला आधीच ऐकवलंय, ‘येळंत न्हाय आलं तर अख्ख्या पेठंत सांगीन!’ बाई सांगणाऱ्यातल्याच आहेत हो... नोकरी सोडलीय माझ्या आक्कानं यासाठी!

ऑटोमॅटिक चालू व्हावी ती पीवर नाहीतर एनवर, म्हणजे न्यूट्रलवर. तर पीवर गाडी चालूच होईना. एनवर तर सगळं थंड. शेवटी घाबरून दांडा कुठंतरी हलला, आरवर गेला, आणि चालू! म्हणजे पार्किंगला गाडी गाणं म्हणणार आणि रिव्हर्सला स्टार्ट होणार. कुठल्या शाळेत शिकली ही? पण म्हटलं, चालतेय ना, चला. ब्रेक दाबून आरवर चालू केली, डीवर, म्हणजे पुढं, टाकली, निघाले. पेठेच्या बोळात शिरले तर समोरून कॅनवाला दूधवाला! मी किंचाळले, ब्रेक मारला, आणि भीतीनं किल्लीच बंद केली. गाडी आडवी, आणि मागं पोरं गोळा झालेली, परत आरवर टाकायचा धीरच होईना. अकरा पन्नास!

झालं, जमले सल्लागार. ‘पावणं, बॅटरी बसलीया.’ ‘न्हाय न्हाय, डिझेल बगा.’ एकजण तर लांबूनच, ‘बाई चालवालीया व्हय? मग बराबर हाय.’ बराबर हाय म्हणे! स्वतःच्या सायकलीची चेन त्याच्या पायात लोंबत होती!

मीच बॉनेट उघडलं. बी.एस्सी. आहे मी, फिजिक्स! टेपच्या गुंडाळीतून चार वायरी, प्रत्येकीवर कापडी चिकटपट्टी, तिच्यावर पेनानं मामांचं अक्षर. ‘पु’, म्हणजे पुढं. ‘न’, म्हणजे न्यूट्रल, ती तर सांध्यातून सुटलेलीच. मग ‘पा’. आणि मग... ‘पा’!

दोन ‘पा’! एक पार्किंग आणि एक पाठीमागं! अरे, ‘मा’ लिहा की मागंचा! ‘रि’ लिहा! बाराखडीत दुष्काळ पडला होता का? या ‘पा’ची त्या ‘पा’ला, त्या ‘पा’ची या ‘पा’ला, आणि गाडी बिचारी सकाळपासून खरं तेच सांगतेय! नीट वाचावं म्हणून मी एक चिकटपट्टी जराशी ओढली... नुसती ओढली हो... तर वायरच हातात आली. सांध्यातून. आता आरवरही गाडी गप्प. किल्ली फिरवली की फक्त ‘टिंव टिंव टिंव’. मागं खीर निवतेय, आक्काचे नऊ मिस्ड कॉल, आणि मी हातात एक ‘पा’ धरून उभी!

लावला मामांना. उचलेनात. परत लावला. सहा वेळा! एवढा कसला कार्यक्रम? किरकोळ कामं करून दमलेल्या माणसांचा सत्कार? बारा वाजून दहा. सातव्यांदा लावला... आणि उचलला.

‘बोला की ताई. पर लौकर बोला. हितं मंगळवार पेठंत बारशाला आलोय, आमची चिमणाआत्या नुसती पेटलीया. जेवणाची गाडी आली न्हाय अजून! पोटात कावळं वरडाल्यात, आनि कोपऱ्यावर कुनाचं तरी येडं खटारं मगापास्नं टिंव टिंव करालंय...’

मी हातातल्या ‘पा’कडं बघितलं. रडणार होते, पण म्हटलं कशाला.

‘किरकोळ हाय की, मामा. जेवायचं असेल तर पक्कड घेऊन कोपऱ्यावर या.’