चादरीचं दुसरं टोक

ताई : …आणि आईचा आवाज? तो आठवतो का, धुलाईघरात कढत पाण्याच्या वाफेतून यायचा तो? ‘चादर गं लांबरुंद, एकीच्या हाती मावेना, टोक धराया वैऱ्याला हाक मारिते मैना.’

दुभाष्या : आठवतो. भांडायला बोलावलंस की ओव्या ऐकवायला?

ताई : चादरींच्या घड्या घालायला. धर ते टोक. ताण. परक्या वकिलातीत दुभाष्याची खुर्ची मिळाली म्हणून मनगटातला जीव गेला का रे?

दुभाष्या : ताणतोय की.

ताई : इस्पितळाचं धुलाईघर बंद करू नका म्हणून आम्ही चाळीसजणी एकतीस दिवस फाटकात बसलोय. उठवायला शिपाई येतो, आम्ही त्याच्या हाती ओल्या चादरीचं टोक देतो. तो बापडा सवयीनं धरतो. दोन्ही हात गुंतले, काठी कशानं उगारणार?

दुभाष्या : माहीत आहे मला.

ताई : तुला असणारच. पण तुझ्या त्या परक्या सरकारला कसं? त्यांच्या अहवालात छापलंय, ‘ही युक्ती आमच्या शिबिरात शिकवली.’ काल आपल्या मंत्र्यानं तेच पान टीव्हीवर फडकावलं. म्हणे, बाहेरच्यांनी बसवलेल्या बाहुल्या. आज सकाळी अकराजणी घरी गेल्या.

दुभाष्या : ताई, त्यांचा हेतू वाईट नव्हता. पाठिंबाच द्यायचा होता त्यांना.

ताई : मुंग्यांनी वारूळ बांधावं, नागोबानं आयतं शिरावं. यानं तर वर स्वतःची पाटीही लावली. आणि आपला मंत्री एवढा शहाणा, की त्याला पाटी वाचता आली, मुंगी दिसली नाही. कुठं भरलं होतं हे शिबिर?

दुभाष्या : हॉटेलात. चार दिवस. शांतपणे धरणं कसं धरावं, यावर.

ताई : बसायला शिकवायला चार दिवस! आमच्यातली एक तरी होती तिथं?

दुभाष्या : नव्हती.

ताई : ते तरी जमिनीवर बसले होते का?

दुभाष्या : खुर्च्या होत्या. गाद्यांच्या.

ताई : वा. उद्या अकराला मला चौकशी समितीपुढे उभं राहायचंय. युक्ती आपल्या आईची, हे पटवलं नाही तर संध्याकाळी फाटक मोकळं करतील. पुरावा काय नेऊ, ओवी?

दुभाष्या : ही घडी वाकडी झाली. परत धरू या.

ताई : टोक सोडू नकोस. चादरीचं त्यांना सांगितलं कुणी?

(दोघं चादर धरून उभी. चादर मध्ये लोंबते आहे.)

दुभाष्या : मी. उदाहरण मागितलं त्यांनी, मला अभिमान वाटला, सांगितलं. अहवालाचा पहिला खर्डाही माझ्याच हातचा. तो कागद आहे माझ्याकडे, उद्या घेऊन येतो.

ताई : त्यात काय आहे?

दुभाष्या : ‘कुणी शिकवलं’ असा रकाना होता. त्यात मी आईचं नाव लिहिलं होतं, ताई. मग खोडलं. खोडायला कुणी सांगितलं नव्हतं.